पाहुण्यांपुरती जाळी

मित्रांनो, मी एका यंत्राची जाळी आहे. आता जुनी झाले आहे. खिडकीच्या आणि कुंपणाच्या जाळ्या तुम्ही पुष्कळ पाहिल्या असतील, पण माझ्यासारखी फार थोड्यांनी पाहिली असेल. कारखान्यात ज्या यंत्राच्या तोंडात माणसाचा हात जातो, त्या यंत्रापुढे मी उभी राहते. काम आत जाऊ द्यायचे आणि बोटे बाहेर ठेवायची, एवढेच माझे आयुष्यभराचे काम. सोपे वाटते ना? तेवढेही मला कितीतरी वर्षे करू दिले नाही, त्याची ही हकिकत आहे.

सुरुवातीलाच सांगून टाकते, मला पिवळ्या रंगाची शिसारी आहे. बिचाऱ्या रंगाचा त्यात काही दोष नाही. फुलांवर तो छानच दिसतो. पण माझ्या अंगावर त्याचे इतके थर चढवले, आणि दर वेळी इतक्या खोट्या कारणासाठी, की नुसता डबा उघडल्याचा वास आला तरी मला मळमळते. माझ्या तारा मुळात बारीक होत्या. माझ्यातून पलीकडचे काम स्वच्छ दिसायचे. रंगाने त्या तारा फुगत गेल्या आणि भोके बुजत गेली.

माझा जन्म एका वेल्डरच्या दुकानात झाला. दुकान कसले, रस्त्याकडेला चार खांबांवर टाकलेले पत्र्याचे छप्पर. वेल्डर अबोल होता आणि कामात भलता चिकट. त्याने कारखान्यात जाऊन यंत्राच्या तोंडाचे माप आणले होते. त्याने चौकट केली, तारा बसवल्या, आणि खाली पत्र्याची पट्टी आत सरकेल एवढी एक फट ठेवली. मग त्या फटीत स्वतःचे बोट घालून पाहिले. ते गेले नाही. तो खूश होऊन हात पुसणार, तेवढ्यात त्याची लेक जेवणाचा डबा घेऊन आली.

"जरा हात इकडे आण गं," तो म्हणाला.

तिने बोट घातले. ते सुळकन आत गेले.

"बाबा, माझं जातंय की!"

"तुझं जातंय, म्हणजे बारीक हाताच्या कुणाचंही जाईल," वेल्डर म्हणाला. त्याने डबा बाजूला ठेवला, झाळलेला जोड तोडला आणि फट नव्याने केली. अख्खी दुपार त्यात गेली. शेवटी लेकीचे बोट नखापाशीच अडकले, तेव्हा कुठे तो जेवायला बसला. मग त्याने मला रंग दिला. तो माझ्या अंगावरचा पहिला रंग, आणि बरीच वर्षे तेवढाच एक खरा.

मी ज्या कारखान्यात गेले, तिथे बिजागऱ्या बनत. तुमच्या घराचे दार ज्यांच्यावर उघडते आणि मिटते, त्याच बिजागऱ्या. लांबच लांब शेडमध्ये सहा प्रेस ओळीने उभ्या होत्या. प्रेस म्हणजे पत्रा कापणारे आणि वाकवणारे यंत्र. वर एक मोठे चाक सतत फिरत असते. खाली पायडल असते. पायडल दाबले की वरचा जड ठोकळा धाडकन खाली येतो, पत्रा कापतो आणि परत वर जातो. तो वर असतो तेवढ्या वेळात कामगाराने तयार तुकडा काढायचा आणि पुढची पट्टी सरकवायची. तीही हाताने. ठोकळ्याला पत्रा कोणता आणि बोट कोणते, ते कळत नाही. म्हणून तर मला बनवले होते.

कामगारांच्या जिवाची आणि आरोग्याची काळजी घ्यायला कंपनीने एक अधिकारी नेमले होते. त्यांना सगळे सेफ्टीसाहेब म्हणत. साहेब स्वतःला मात्र फार जपत. यंत्रांभोवती जमिनीवर आखलेल्या पिवळ्या पट्ट्याच्या आत त्यांनी कधी पाऊल टाकले नाही. तेलाचा डबा सरकवायचा झाला तरी खिशातून रुमाल काढत. त्यांचे अक्षर मोत्यासारखे होते आणि यमके जुळवण्यात त्यांचा हातखंडा होता. 'जपा आपले हात, घर देईल साथ' असली वाक्ये त्यांनी शेडभर टांगली होती. त्यातली निम्मी तेलाच्या धुराने काळी पडून वाचता येत नसत, तरी साहेब दर वर्षी नवी लिहीत.

मला पहिल्या प्रेसवर बसवले तेव्हा मालक स्वतः आले, टाळ्या झाल्या. मालक म्हणाले, "आधी हा नमुना बघू. मग बाकीच्या पाचही करून घेऊ." मित्रांनो, तो 'मग' कसा आला ते पुढे कळेलच.

पहिल्या प्रेसवर वहिनी काम करायच्या. अख्खी शेड त्यांना वहिनीच म्हणत असे, कारण त्यांची नणंद पाचव्या प्रेसवर होती आणि ती दिवसभर "वहिनी, वहिनी" करून हाका मारायची. नणंदेला सगळे बारकी म्हणत. चणीने लहान, बोटे काटकुळी, आणि तोंड मात्र दिवसभर चालू. मी बसले त्या दिवशी वहिनींनी माझ्या फटीतून पट्टी सरकवली, पायडल दाबले आणि पहिल्यांदाच ठोकळ्याकडे न बघता नणंदेशी बोलल्या. बारकी लांबून ओरडली, "वहिनी, आज तुझं लक्ष नाही कामात!" वहिनी म्हणाल्या, "नसू दे. आज लक्ष ठेवायला ही आहे." माझ्याविषयी इतके चांगले कुणी कधी बोलले नव्हते.

ते सुख फार टिकले नाही. मी असले की पट्टी जरा जपून सरकवावी लागे, आणि दिवसाचे नग थोडे कमी भरत. फोरमनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याने मालकांना सांगितले, मालकांनी साहेबांकडे पाहिले, साहेबांनी छताकडे पाहिले. दुसऱ्या दिवशी माझे बोल्ट सोडून मला स्टोअरमध्ये खुंटीवर अडकवले. एका बाजूला केरसुणी, दुसऱ्या बाजूला मोडका पंखा. समोरच्या खिडकीतून शेड दिसायची, आणि बरोबर समोर पाचवी प्रेस. तेवढाच विरंगुळा होता.

आता सांगते ती गोष्ट ऐकून हसू येईल. मलाही पहिल्यांदा येत असे.

कारखान्याची तपासणी करायला एक तपासनीस मॅडम यायच्या. त्या कधी येणार ते साहेबांना आधीच कळायचे. कसे, ते मला विचारू नका. त्या सकाळी मला धुऊन पुसून रंगाचा एक हात मारायचे. कामगारांना नवे हातमोजे, डोळ्यांवरचे चष्मे आणि कानात घालायचे बोळे मिळायचे. संध्याकाळी ते सगळे मोजून परत घ्यायचे. कानातले बोळेसुद्धा परत घ्यायचे, मित्रांनो! एकाच्या कानातून निघालेले पुढच्या तपासणीला दुसऱ्याच्या कानात. त्याची पिशवी माझ्याच खुंटीवर टांगलेली असे. किळस यायला नाकच असावे लागते असे नाही.

मॅडम आल्या की मी पहिल्या प्रेसवर असायचे. त्या मला बघायच्या, मान डोलवायच्या. लगेच साहेब म्हणायचे, "मॅडम, आधी चहा घेऊन टाकू, गार होतोय." केबिनचे दार लागले रे लागले, की फिटरांची जोडी मागच्या बोळातून पळत यायची. चार बोल्ट सोडायचे, मला उचलायचे आणि दुसऱ्या प्रेसला चढवायचे. मॅडम चहा पिऊन यायच्या, तर दुसरी प्रेसही जाळीसकट तयार! मग बिस्किटे. मग नवी पाण्याची टाकी. मग प्रथमोपचाराची पेटी. मग मालकांची भेट. दर दोन प्रेसच्या मध्ये काहीतरी खायला नाहीतर बघायला ठेवलेले असायचे. त्या दिवसापुरत्या मधे पत्र्याच्या उंच थप्प्या मुद्दाम रचलेल्या असत, त्यामुळे एका प्रेसपासून दुसरी दिसत नसे. अशी मी एकटी सहा जाळ्या होऊन मिरवत होते.

एकदा त्या पळापळीत मी फिटरच्या हातून निसटले आणि माझा डावा कोपरा चेपला. त्या दिवशी मॅडम पाचव्या प्रेसपाशी थबकल्या.

"सगळ्या जाळ्यांना एकाच कोपऱ्यात पोचा कसा हो?"

साहेबांनी पापणीसुद्धा हलवली नाही. "एकाच साच्यातल्या आहेत ना, मॅडम."

"असं होय," म्हणून मॅडम पुढे गेल्या. त्यांना खरेच पटले, की बिस्किटे आठवली, कुणास ठाऊक. शेडमध्ये हातमोज्यांआड सगळे हसले. बारकीला तर मी आले की उधाणच यायचे. "या, पाहुण्याबाई," ती मला म्हणायची, "पाणी घेणार, की उभ्या उभ्याच निघणार?" मॅडमची पाठ वळली की फिटर मला उचलत आणि बारकी हात हलवून निरोप देई. आम्हा सगळ्यांना तो खेळ वाटत होता.

पुढे पाचव्या प्रेसला एक खोड लागली. पायडल एकदा दाबले की ठोकळा एकदाच खाली यायला हवा. पण ही प्रेस कधी कधी आपल्या मनाने दुसऱ्यांदा यायची. पाय बाजूला असला तरी. पहिल्यांदा झाले तेव्हा बारकीचा हात बाहेर होता. ती पांढरी पडली, मग हसली आणि म्हणाली, "वहिनी, माझी मशीन उचकी देते गं."

वहिनी हसल्या नाहीत. त्या नणंदेला घेऊन फोरमनकडे गेल्या. "दादा, पाचवी प्रेस बंद करा. दोनदा ठोका पडतोय."

फोरमन मोठ्या ऑर्डरच्या घाईत होता. "उचकी लागली म्हणता ना? मग पाणी पाजा तिला," तो म्हणाला. "नाहीतर कुणीतरी आठवण काढत असेल."

शेड खो खो हसली. खरे सांगायचे तर विनोद वाईट नव्हता. बारकीही हसली. त्या हसण्याची आठवण झाली की आता मला रंगाच्या वासापेक्षाही जास्त मळमळते.

वहिनी तिथून थेट साहेबांकडे गेल्या. साहेब स्टोअरच्या दारात नव्या पाटीसाठी खिळे निवडत उभे होते, त्यामुळे मला शब्दन्‌शब्द ऐकू आला.

"साहेब, प्रेस बंद करत नाहीत तर निदान ही जाळी तरी पाचवीला लावा. इथं नुसती टांगून आहे."

साहेबांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू त्यांच्या घरातली काचेची भांडी कुणी रस्त्यावर मांडायला मागितली. "अहो वहिनी, रोज वापरली तर खराब होईल ती. तेल लागेल, चेपेल. मग तपासणीला काय दाखवायचं?"

"आणि हिचा हात खराब झाला तर?"

"असं अभद्र बोलू नये," साहेब म्हणाले आणि खिळे घेऊन निघून गेले.

मित्रांनो, मी लोखंडाची आहे. मला राग येऊन उपयोग नाही, खुंटीवरून उडी मारता येत नाही. मी समोर बघत राहिले. वहिनी संध्याकाळपर्यंत दर थोड्या वेळाने "बारके, हात!" म्हणून ओरडत राहिल्या. यंत्रांच्या आवाजात ते पाचव्या प्रेसपर्यंत पोहोचत होते की नाही, कोण जाणे.

आणि मग एका दुपारी ते झाले. ठोकळा खाली आला, वर गेला. बारकीने पायडलवरचा पाय काढला होता. तो मी पाहिला. तिने तुकडा उचलायला उजवा हात आत घातला, आणि प्रेसने उचकी दिली.

बारकी किंचाळली नाही. तिने फक्त "वहिनी" म्हटले, रोज हाक मारायची तसेच. वहिनी धावल्या. चाक थांबवायला कुणीतरी धावले. बारकीच्या दोन बोटांचे काय झाले ते मी सांगणार नाही.

एवढ्यात फोरमन स्टोअरकडे पळत आला. मला वाटले, प्रथमोपचाराची पेटी हवी असेल. पण ती तर नुसतीच पेटी होती, आतला कापूस कधीच संपला होता. त्याने मला खुंटीवरून ओढले. मागे साहेब होते, नाकाला रुमाल लावून. "आधी ते पुसून घे," ते प्रेसकडे बोट करून म्हणाले, "मग जाळी बसव." बारकीला गाडीत बसवायला वहिनी आणि आणखी एक बाई होती. मला बसवायला चार पुरुष होते. रंग द्यायला वेळ नव्हता, म्हणून मला ओल्या फडक्याने पुसले. तेच फडके आधी प्रेसवरून फिरले होते. पुढचे मी बोलत नाही.

जिथे आयुष्यभर उभे राहायचे म्हणून माझा जन्म झाला, तिथे मला शेवटी बसवले. त्या वेळी आत वाचवायला काही उरले नव्हते.

साहेबांनी सगळ्यांना गोळा केले. "कुणी विचारलं तर जाळी होती. तिने स्वतःच काढली, लवकर काम उरकायला. कळलं?" सगळे मूग गिळून उभे राहिले. संध्याकाळी पाचव्या प्रेसवर एक नवी पाटी लागली, मोत्यासारख्या अक्षरात, 'जाळी काढू नका'. शाई ओली होती. कंपनीने ठरवूनही टाकले. चूक बारकीची, म्हणजे औषधपाणी तिचे तिने बघायचे आणि कामावर परत घेण्याचा प्रश्नच नाही. हे सगळे माझ्या जिवावर. मला कुणी विचारले असते, तर तिथल्या तिथे गंजून खाली पडले असते.

बोट जरासे चेपले आहे, असे मॅडमच्या कचेरीला कळवून त्यांनी काही दिवस वेळ काढला. अखेर मॅडम चौकशीला येणार असे कळले. फोरमन घाबरला. "साहेब, बाकीच्या पाच जाळ्या करायला टाकू या का?" साहेबांनी त्याला वेड्यात काढले. "आत्ता टाकल्या, तर आधी नव्हत्या हे नाही का कळणार? नेहमीसारखं करायचं. पाचवी दाखवायची, चहाला न्यायचं, जाळी पुढे." त्यांची ती युक्ती इतकी अंगवळणी पडली होती, की त्यात भोक असेल हे त्यांच्या मनातही आले नाही.

मॅडम आल्या. बारकीला बोलावले होते. हाताला मोठे बँडेज, चेहरा उतरलेला, आणि त्या दिवशी तोंड बंद. शेजारी वहिनी उभ्या होत्या. पाचव्या प्रेससमोर एका स्टुलावर बारकीला बसवले.

साहेब घसा साफ करून म्हणाले, "आम्ही यांना किती वेळा सांगितलं, मॅडम. पण कामगार ऐकत नाहीत. हिने जाळी स्वतः काढली."

मॅडम बारकीकडे वळल्या. "काढली होती का तुम्ही?"

"मॅडम, ती इथं होतीच कधी?" बारकी म्हणाली. "ती तुम्ही आलात की येते. तुमच्याच बरोबर येते आणि तुमच्याच बरोबर जाते."

"बघा! काहीही बोलते," फोरमन म्हणाला. "समोर दिसतेय ना जाळी?"

मॅडमनी आजूबाजूच्या कामगारांकडे पाहिले. सगळ्यांना आपापल्या चपला बघायची निकड लागली होती. "बरं," त्या म्हणाल्या, "बाकीच्याही बघून घेते."

"अवश्य! पण आधी चहा, मॅडम. गार होतोय."

आणि मॅडम गेल्या. मित्रांनो, त्या गेल्या! त्या बाईची बोटे गेलेली, ती समोर बसलेली, आणि या चहाला गेल्या. केबिनचे दार लागले.

बोळातून फिटरांची जोडी आली. जोडीतल्या थोरल्याने पाना बोल्टला लावला. तेवढ्यात वहिनी पुढे झाल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी माझ्या तारा घट्ट धरल्या.

"हात काढा, वहिनी," फोरमन दबक्या आवाजात म्हणाला.

"नाही काढणार."

"अहो, वेळ नाहीये. मॅडम येतील."

"येऊ देत. मी मागितली, तेव्हा ही इथं यायला तयार नव्हती. आता आली आहे तर इथंच राहील." वहिनींचा आवाज चढला. "बारके, तूही धर."

बारकी उठली. डाव्या हाताने तिने मला धरले. बँडेजचा हात तिने वर, छातीशी ठेवला होता. चार बोल्ट होतेच, वर ही एक नणंद आणि एक भावजय. मला तर वाटले मी भिंतीत चिणलेली आहे.

फोरमन थोरल्या फिटरवर ओरडला, "बघतोस काय? सोडव!"

थोरल्याने बारकीच्या बँडेजकडे पाहिले. त्याने पाना खिशात घातला. "मला नाही जमायचं, दादा," तो म्हणाला. "तुम्हीच सोडवा." फोरमन पुढे झाला नाही. त्याच्या पाचावर धारण बसली होती.

केबिनचे दार उघडले. मॅडम तोंड पुसत बाहेर आल्या आणि सवयीने सहाव्या प्रेसकडे गेल्या. तिथे जाळी नव्हती. त्या थप्पी ओलांडून चौथीकडे गेल्या. तिथेही नव्हती. मग तिसरी, दुसरी, पहिली. पाचही प्रेस तोंड उघडून बसल्या होत्या. साहेब मागून धावत होते. "मॅडम, मालक भेटायला थांबलेत... मॅडम, नवी टाकी..." आज त्यांना कुणी टाकी बघायला मिळाले नाही.

मॅडम परत पाचव्या प्रेसपाशी आल्या. त्यांनी माझ्या डाव्या कोपऱ्यातल्या पोच्यावर बोट ठेवले. त्यांचा चेहरा उतरत गेला. एकाच साच्यातल्या सहा जाळ्या त्यांना आठवत होत्या, हे मला दिसत होते.

"मशीनमध्ये बिघाड आहे, हे तुम्ही सांगितलं होतं?" त्यांनी बारकीला विचारले.

"सांगितलं होतं. उचकी देते म्हटलं."

"मग?"

"पाणी पाज म्हणाले."

या वेळी शेडमध्ये कुणी हसले नाही. मग पहिल्यांदा कोपऱ्यातून एक आवाज आला, "खरं बोलतेय ती." मग दुसरा. मग तर सगळ्यांनाच कंठ फुटला. जाळी कशी पळते, बोळे कसे परत घेतात, सगळे बाहेर पडले. त्यांचे मला कौतुक वाटले असे समजू नका. पाच प्रेस उघड्या पडल्यावर खरे बोलायला फार धीर लागत नव्हता. धीर त्या दोघींनी आधीच खर्च केला होता.

चूक बारकीची नाही असे ठरले. औषधपाण्याचा भार कंपनीवर आला आणि बारकी कामावर परत आली. ती आता तयार बिजागऱ्या तपासते. फोरमनला काढले. साहेब मात्र आहेत. ते राहायचेच. पाहुणे आले की ते माझ्याकडे हात करून सांगतात, "सुरक्षेच्या बाबतीत आम्ही कसलीही तडजोड करत नाही." माझा फोटो त्यांच्या केबिनमध्ये लावला आहे. मॅडमही येतात. हल्ली चहा घेत नाहीत. पण आपण इतकी वर्षे काय पाहत होतो, हे त्यांनी कधी कुणासमोर म्हटल्याचे मी ऐकले नाही.

बाकीच्या पाच जाळ्या त्याच वेल्डरने केल्या. तो स्वतः बसवायला आला. केस पिकले होते, पण चिकटपणा तोच. माझ्यावरचा रंग पाहून त्याने तोंड वाकडे केले, फटीजवळचा थर खरवडून काढला. मग नव्या जाळीची फट तपासायला त्याने इकडे तिकडे पाहिले. त्याला बारीक हाताचे कुणीतरी हवे होते. बारकी जवळच होती. त्याला काहीच ठाऊक नव्हते.

"ताई, तुमचं बोट बारीक आहे. जरा घालून बघता?"

बारकीने सवयीने उजवा हात पुढे केला. मग तो मागे घेतला आणि डावा पुढे केला. वेल्डरने दोन्ही हात पाहिले. त्याने मान खाली घातली. डाव्या हाताचे बोट नखापाशीच अडकले. "बरोबर आहे, काका," बारकी म्हणाली. वेल्डरने पाना उचलला आणि बोल्ट आवळायला घेतले.

परवा साहेब रंगाचा डबा घेऊन आले. कुणीतरी मोठे पाहुणे यायचे होते. बारकी आडवी गेली. "साहेब, हिला रंग नको. रंग सुकेपर्यंत काढून ठेवावी लागते." साहेब डबा घेऊन परत गेले.

म्हणून मित्रांनो, माझे तुमच्याकडे एकच मागणे आहे. मोठे व्हाल, कुणी कामाला लागाल, कुणी कारखाने चालवाल, कुणी तपासायला जाल. तेव्हा माझ्यासारखी एखादी जाळी चकचकीत दिसली, तर तिचे कौतुक करू नका. तिच्यावर बोट फिरवून बघा. तेल लागले नाही, तर समजा की ती पाहुण्यांपुरती आहे. आम्हाला जपू नका. आम्हाला मळू द्या, चेपू द्या, जुन्या होऊ द्या.

माझा रंग आता ठिकठिकाणी उडाला आहे. तारांवर तेलाचे डाग आहेत आणि मला त्यांची मुळीच किळस येत नाही. रोज सकाळी काम सुरू होण्याआधी बारकी पाचव्या प्रेसपाशी येते. उजव्या हाताची उरलेली बोटे माझ्या तारांत अडकवते आणि मला जोर लावून हलवून बघते.

मी हलत नाही.